तीन मात्रांची उडी

मित्रांनो, हात कोरडे आणि स्वच्छ असतील तर जवळ या. नसतील तर तिथूनच ऐका. मी संगीताची एक जुनी तबकडी आहे. बोटांचे ठसे मला तरुणपणीही खपत नव्हते, आता म्हातारपणी तर मुळीच खपत नाहीत.

माझा जन्म डेन्मार्कमधला. कोपनहेगनच्या एका तळघरात चार तरुणांनी जॅझ आणि रॉक एकाच पातेल्यात शिजवायला घेतले. त्या काळी जगभर ही टूम निघाली होती. विजेवरचा पियानो वाजवायचा असगर ब्रोक, आणि बास गिटार त्याचा जिवलग मित्र प्रेबेन. त्यांचे वाजवणे आधी फितीवर उतरले, मग कारखान्यात गरम काळ्या गोळ्यावर दोन्ही बाजूंनी साचे दाबले गेले आणि मी जन्मले. माझे नाव ठेवले 'ओले छप्पर'. पाकिटावर चौघेजण खरोखरच भिजलेल्या छपरावर बसले आहेत आणि प्रत्येकजण वेगळ्या दिशेला पाहतो आहे. मी दुकानात पोहोचेपर्यंत ते चौघे वेगळे झालेही होते. का, ते मला ठाऊक नव्हते. माझ्या पोटात फक्त त्यांचे वाजवणे आहे, भांडण नाही.

माझ्या बहिणी दुकानांत धूळ खात पडल्या. मी नशिबाची, मला ओडेन्सच्या एका ग्रंथालयाने विकत घेतले.

तिथल्या संगीत विभागात बोडिल क्रारुप नावाच्या बाईंचे राज्य होते. खिडकीजवळ त्यांनी एक लाकडी खोका ठेवला होता आणि त्यावर लिहिले होते, 'कान उघडे असणाऱ्यांसाठी'. या नव्या संगीताची ओळख करून घ्यायची असेल तर कुठून सुरुवात करावी, याचे उत्तर त्या खोक्यात होते. त्यात मी एकटीच इथली, बाकीच्या साऱ्या तबकड्या अमेरिकेहून आलेल्या. एकीत तुतारीचा आवाज धुक्यातून आल्यासारखा येई, दुसरीत गिटार वादळासारखी धावे. बाई नवख्याला ती गिटार कधीच आधी देत नसत.

"पहिल्या दिवशीच ही नेलीत तर तुम्ही परत तोंड दाखवणार नाही," असे म्हणून त्या मला पुढे करत. "ही घ्या. आपल्याकडचीच आहे, चावत नाही."

"पण हे जॅझ आहे की रॉक?" कुणीतरी हमखास विचारी.

"जॅझवाले म्हणतात रॉक, रॉकवाले म्हणतात जॅझ. म्हणजे दोघांनीही ऐकलेलं नाही!"

मात्र मला घरी नेणे सोपे नव्हते. आधी आपल्या यंत्राची सुई काडेपेटीत घालून आणायची. बाई ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. झिजलेली सुई तबकडी खरवडते, म्हणून ती तशी निघाली तर माणूस रिकाम्या हाताने परत. मी परत आले की मला दिव्याखाली तिरकी धरून तपासत. एखादीला मोठा ओरखडा पडला तर ती रद्द. रद्द तबकडीवर खिळ्याने आडवी रेघ मारायची, म्हणजे ती पुन्हा कुणी वाजवू नये, असा ग्रंथालयाचा नियम होता. त्या खिळ्याचा आवाज मी खोक्यातून ऐकला आहे. आजही आठवला की अंगावर काटा येतो.

हेर्लुफ डाम हा बसचालक माझा सर्वांत मोठा चाहता. संध्याकाळच्या शाळेत प्रौढांचा संगीतवर्ग भरे, तिथे तो ड्रम शिकत होता. त्याने मला किती वेळा नेले, त्याची गणती नाही. माझ्या दुसऱ्या बाजूला एका बंदरावरून नाव दिलेली 'नायबॉर्गचा धक्का' ही रचना आहे. सात मात्रांची एकच ओळ त्यात पुन्हा पुन्हा येते, बोट धक्क्याला टेकून हलत राहावी तशी. ती हेर्लुफला फार आवडे. तो मला यंत्रावर ठेवी आणि स्वयंपाकघरात कॉफी करायला जाई.

एका रविवारी घरात त्याच्या सासूबाई, थ्युराबाई, होत्या. त्यांनी ती ओळ एकदा ऐकली, दोनदा ऐकली, पाचव्यांदा त्यांचा धीर सुटला.

"जावईबापू, तुमची तबकडी अडकलीय!"

"अडकली नाही हो, तशीच आहे ती!" आतून उत्तर आले.

"तशीच कशी असेल? माणसं काय मुद्दाम अडकतात?" असे पुटपुटत त्यांनी सुईला बोटाने ढकलले.

मित्रांनो, तो चटका मला अजून आठवतो. सुई एका रेषेवरून पुढच्या रेषेवर गेली आणि मागे बारीक ओरखडा राहिला. तेव्हापासून त्या जागी सुई उडी मारू लागली. गंमत अशी, की माझ्या एका फेऱ्यात त्या रचनेच्या बरोबर तीन मात्रा बसतात. त्यामुळे उडी अगदी तालात पडे. सातांच्या जागी एकदाच चार, आणि संगीत थेट पुढच्या भागात!

ग्रंथालयात परत आल्यावर बोडिलबाईंनी मला दिव्याखाली धरले, भुवई उंचावली, ती जागा वाजवून पाहिली. मग मान डोलावली आणि मला खोक्यात ठेवले. असल्या संगीतात काहीही असू शकते, असे त्यांना वाटले असावे. मी श्वास रोखून होते.

पुढे हेर्लुफच्या वर्गाने ती रचना माझ्यावरून बसवली. वसंतात ग्रंथालयाच्या सभागृहात ती वाजवायची ठरली. बाईंनी असगर ब्रोकचे नाव टेलिफोन डिरेक्टरीत शोधून काढले. तो ओडेन्समध्येच होता, न्हाणीघराच्या फरशांच्या दुकानात नोकरीला. पियानो त्याने कधीच सोडला होता. नको नको म्हणत तो आला आणि दाराजवळच्या खुर्चीत बसला. मला समोर एका घडवंचीवर मांडले होते.

वाजवणे सुरू झाले. असगरची बोटे गुडघ्यावर चालू लागली. ती जागा आली, साऱ्या वर्गाने एकदिलाने तीन मात्रा गिळून पुढे उडी मारली, आणि त्याची बोटे हवेतच थांबली.

टाळ्या संपल्यावर तो उठला. "ती वळणाची जागा कुठून आणलीत?"

"तुमच्याच तबकडीवरून," हेर्लुफ म्हणाला. "आमची तर तीच सगळ्यात आवडती जागा आहे."

"मी असं काही वाजवलेलं नाही."

बाईंनी मला यंत्रावर चढवले. सुईने उडी मारली. या वेळी सगळ्यांना अगदी बारीकसा 'टक्' ऐकू आला.

"म्हणजे आम्ही वर्षभर ओरखडा पाठ केला?" हेर्लुफ कानापर्यंत लाल झाला.

मागच्या रांगेतून थ्युराबाईंचा आवाज आला, "मला काय ठाऊक! मला वाटलं, अडकलीय. दिला एक धक्का!"

असगर हसू लागला. इतका हसला, की त्याला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग हळूहळू ते हसू राहिले नाही.

"त्या ओळीतून पुढे कसं जायचं, यावर प्रेबेन आणि मी तीन आठवडे भांडलो," तो म्हणाला. "त्याचं म्हणणं असं, माझं म्हणणं तसं. त्यातच बँड फुटला. पुन्हा आम्ही कधी बोललो नाही. आणि या बाईंनी एका बोटात सोडवलं!"

 बोडिलबाई तोवर खाली वाकून टेबलाचा खण उघडत होत्या. त्यांच्या हातात खिळा होता.

"मला वाईट वाटतंय," त्या म्हणाल्या, "पण सुई उडेल इतका ओरखडा पडला, की तबकडी रद्द. नियम आहे."

मी ओरडू शकत नाही, मित्रांनो. माझ्यात जो आवाज भरला आहे, तेवढाच माझा.

"बाई, ठेवा तो खिळा खाली!" हेर्लुफ म्हणाला.

"माझ्या घरी एक कोरी आहे," असगर घाईघाईने म्हणाला. "पाकीटसुद्धा फोडलेलं नाही. ती तुम्ही घ्या. ही मला द्या. पण वाजती द्या."

बाईंनी मला दिव्याखाली तिरके धरले. खूप वेळ पाहिले. मग खिळा खणात टाकून खण लावून घेतला.

"रद्द तबकडीवर ओरखडा असावा, असं नियम म्हणतो. तो आहेच. कुणी मारावा, ते लिहिलेलं नाही. घेऊन जा."

अशी मी असगरच्या घरी आले. ग्रंथालयातल्या खोक्यात आता माझी कोरी बहीण आहे. ऐकते, की हेर्लुफच्या वर्गातले लोक ती सदोष म्हणून परत आणून देतात. मला तिची दया येते आणि थोडे हसूही येते, खोटे कशाला बोलू?

खोक्याजवळची ती खिडकी मला फार आठवते. काडेपेट्या घेऊन रांगेत उभी राहणारी माणसे आठवतात. आता कोण एवढ्या सोपस्काराने गाणे घरी नेते? मित्रांनो, आम्हाला नेहमी कडेने धरा, वाजवून झाले की पाकिटात ठेवा, उन्हात विसरू नका. आणि जुनी वस्तू खरचटली म्हणून फेकण्याआधी एकदा नीट ऐका. तेवढेच मागणे आहे.

असगरने पहिल्याच आठवड्यात ऑलबोर्ग शहरात राहणाऱ्या प्रेबेनला फोन लावला. बोलला काहीच नाही, फक्त मला सुरू करून फोन माझ्याजवळ धरला. ती जागा येऊन गेली.  मग पलीकडून एक घोगरा आवाज आला, "परत लाव."

आता प्रेबेन दर शनिवारी येतो. असगर पियानोवरची चादर काढतो, प्रेबेन बास गळ्यात अडकवतो, आणि मधोमध मी फिरत असते. दोघांचीही बोटे आता जड झाली आहेत, मध्येच चुकतात. पण ती जागा आली की दोघे एकमेकांकडे पाहतात, आणि आम्ही तिघे मिळून उडी मारतो.