पोटिया गहू आणि मधुवंती

देवासच्या रवा मिलमध्ये अनीशला सहा वर्षं झाली होती. ट्रकमधून उतरलेल्या गव्हाची मूठ हातात घेतली की तो माल कसा आहे ते सांगायचा आणि मिलमधली माणसं मान डोलवायची. घरात गव्हातलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. धाकटी बहीण मधुवंती सीहोरला शेतकी कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होती, तरीही ती शंका त्याला कधी आली नव्हती.

मधूला परदेशातल्या एखाद्या प्रयोगशाळेत तीन महिने इंटर्नशिप करायची होती. पत्र अनीशनंच लिहून दिलं. मी मेहनती विद्यार्थिनी आहे, आपल्या संस्थेचं मोठं नाव ऐकलं आहे, वगैरे वगैरे. तेच पत्र तिनं चौतीस ठिकाणी धाडलं. उत्तर एकाचंही आलं नाही.

"अगं, तिथे आपल्याला कोण विचारतंय!" अनीश म्हणाला. "इंदूरला एखादी नौकरी बघ. फालतूमध्ये कशाला चक्कर मारतेस?"

 मार्चमध्ये मधू धारला संताजीरावांच्या शेतावर गेली. बाबा, म्हणजे दत्तोपंत, धारच्या शाळेत शिकवत होते तेव्हाचे हे त्यांचे विद्यार्थी. त्यांच्या कठिया, म्हणजे रव्यासाठीच्या कडक गव्हात यंदा पोटिया दाणे फार निघाले होते. कठियाचा चांगला दाणा काचेसारखा असतो आणि त्याचा रवा पिवळाजर्द पडतो. पोटिया दाणा आतून पांढरा, भुसभुशीत. मिलवाले तो बघितला की भाव पाडतात.

मधू चार दिवस तिथे राहिली. वावराच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतले दाणे ब्लेडनं आडवे कापून तिनं मोजले. गोठ्याच्या बाजूच्या सहा ओळींत पोटिया जवळजवळ नव्हताच. असं का झालं असावं, हा एकच प्रश्न तिनं आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिला, सोबत आकडे आणि कापलेल्या दाण्यांचे फोटो जोडले, आणि इटलीतल्या एका गहू-प्रयोगशाळेला पाठवला. हे पत्र तिनं अनीशला दाखवलंच नाही.

पाचव्या दिवशी उत्तर आलं. लुचिया नावाच्या शास्त्रज्ञबाईंना तिच्याशी बोलायचं होतं.

व्हिडिओ कॉलच्या दिवशी अनीश रजा काढून घरी थांबला. तो कॅमेऱ्यात दिसणार नाही असा भिंतीला टेकून बसला, मांडीवर कोरे कागद आणि जाड स्केचपेन. अडलीच तर सांगता यावं म्हणून. मधू अडखळत होती, पण बोलत होती. गोठ्याजवळच्या मातीत शेणामुळे नत्र जास्त असावं आणि म्हणून पोटिया कमी, असं ती म्हणाली. लुचियाबाईंनी मान हलवली आणि विचारलं, "त्या ओळींना पाणी बाकीच्यांइतकंच मिळालं होतं का?"

मधू आपले आकडे चाळू लागली. अनीशनं झटकन कागदावर लिहिलं, 'हो, सारखंच', आणि तो उंच धरला. मधूनं तो वाचला. ते त्याला स्पष्ट दिसलं.

"मला माहीत नाही," ती पडद्याकडे बघत म्हणाली. "मी विचारलं नाही. उद्या विचारून कळवते."

कॉल संपल्यावर अनीश भडकला. "बनीबनाई बात बिघडवलीस! हो म्हणायला काय जात होतं?"

"पण दादा, मला खरंच माहीत नव्हतं. आणि तुलाही नव्हतं."

 दुसऱ्या दिवशी तिनं संताजीरावांना फोन लावला. "नाही हो ताई," ते म्हणाले, "पाइप तिथवर पोचतच नाही. त्या ओळींना एक पाणी कमीच मिळालं." म्हणजे पोटिया शेणखतामुळे कमी होता की पाण्यामुळे, हे आता सांगता येत नव्हतं. आपलाच मुद्दा लंगडा करणारी ही माहिती मधूनं जशीच्या तशी कळवून टाकली. आता संपलंच, असं अनीशला वाटलं.

आठवड्यानं निवड झाल्याचं पत्र आलं. अनीशनं ते दोनदा वाचलं.  चौतीस ठिकाणी गेलेलं ते गुळगुळीत पत्र आपलं होतं, हे त्याला आठवत होतं.

ऑगस्टमध्ये मधू गेली. पहिले पंधरा दिवस तिला तिथल्या माणसांचं बोलणं निम्मंच समजे. चारुलताबाईंना, म्हणजे आईला, ती फोनवर रोज सांगायची की जेवण छान आहे. आवाजावरून ते खोटं आहे हे आईला कळायचं. पण कामाबद्दल ती बोलू लागली की अनीश फोन ओढून घ्यायचा. तिथे नमुन्यावर शेतकऱ्याचं नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. दोन माणसं तेच दाणे वेगवेगळे मोजतात, एकमेकांना न सांगता. आकडे जुळले नाहीत तर पुन्हा मोजायचं. एकदा मधूकडून दोन तबकांची अदलाबदल झाली. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिनं स्वतः जाऊन सांगितलं आणि तीन दिवसांचं काम पुन्हा केलं.

"बाई रागावल्या का?" अनीशनं विचारलं.

"नाही. दुसऱ्या दिवसापासून मोजणीच्या खोलीची किल्ली माझ्याकडे दिली."

नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती परतली आणि तिसऱ्याच दिवशी धारच्या बसमध्ये बसली. संताजीराव आणि त्यांचे शेजारी गणोजी यांच्या शेतांत तिनं पट्टे आखले. एका पट्ट्यात नत्राचं खत, म्हणजे युरिया, नेहमीसारखा, दुसऱ्यात तेवढाच, पण दाणा भरताना नत्र मिळावं म्हणून त्यातला तिसरा हिस्सा लोंब्या बाहेर पडेपर्यंत राखून ठेवलेला. पाणी सगळ्यांना सारखं. हिवाळाभर ती सुटी मिळेल तेव्हा सीहोरहून येत राहिली.

मार्चमध्ये त्या पट्ट्यांतल्या दाण्यांच्या पिशव्या देवासला आल्या, नुसते क्रमांक घातलेल्या. मधू एका खोलीत बसली, अनीश दुसऱ्या. इतकी वर्षं मूठभर गहू बघून निकाल देणारा माणूस दोन दिवस एकेक दाणा कापत होता. संताजीरावांच्या शेतात नेहमीच्या पट्ट्यात शंभरात एकतीस दाणे पोटिया निघाले, युरिया राखून ठेवलेल्या पट्ट्यात नऊच. गणोजींच्या शेतात काहीच फरक पडला नव्हता.

मिलचे मॅनेजर बळवंतराव खूश झाले. "कमाल केली पोरीनं! हा निकालाचा कागद सगळ्या शेतकऱ्यांना वाटू. फक्त ते दुसऱ्या शेताचं काढून टाक बेटा. लोक खामखा गोंधळतील."

मधूनं तोंड उघडायच्या आधीच अनीश बोलला. "नाही साहेब. ते राहील. गणोजीभियांकडे का झालं नाही, ते आम्हाला अजून माहीत नाही. तसंच लिहू."

मधू दादाकडे बघत राहिली. बळवंतरावांनी एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि ते हसून म्हणाले, "ठीक है भिया, तुम्ही बहीणभाऊ जाणा."

कागद वाटला गेला, दोन्ही शेतांसकट. पुढच्या हंगामासाठी अकरा शेतकऱ्यांनी पट्टे आखून मागितले, आणि त्यात पहिलं नाव गणोजींचं होतं.