थंडगावची वेळ

मी एक जुने भिंतीवरचे घड्याळ आहे. मित्रांनो, माझे सारे आयुष्य पुण्यात गेले, पण पुण्याची वेळ मी एक दिवसही दाखवली नाही. सध्या मी एका कार्यालयाच्या सामानघरात, खोक्याच्या तळाशी पालथा पडलो आहे. पाठीतला सेल कोणी काढला नाही. तो पाझरला आणि त्याचा पांढरा खार माझ्या चाकांत शिरला. तरी आठवणी अजून गंजलेल्या नाहीत.

माझी घडण साधी. पांढरी तबकडी, काळे आकडे, समोर काच. देशाची दारे तेव्हा नुकतीच व्यापाराला उघडली होती, आणि हिंजवडीच्या भातखाचरांत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. तेथल्या एका कंपनीने दोन घड्याळे घेतली. माझ्या भावाखाली ‘पुणे’ अशी पाटी लागली, आणि माझ्याखाली युरोपातल्या एका शहराची. भावाकडे पाहून माणसे डबे उघडत, घरी निघत. माझ्याकडे पाहून कोणाला कधी भूक लागली नाही. खिळा एका देशात आणि काटे दुसऱ्या देशात, अशी माझी कोंडी होती.

आमच्या कक्षाचे काम नैसर्गिक वायूचे, तिकडच्या कंपन्यांनी आमच्याकडे सोपवलेले. युरोपातली गावे हिवाळ्यात या वायूवर घरे उबदार ठेवतात. त्यांतल्या एका दूरच्या गावाचे नाव कोणाच्याच जिभेवर बसेना, म्हणून कक्षात त्याला सगळे ‘थंडगाव’ म्हणत. थंडगावाला उद्या किती वायू लागेल, ती मागणी आज, तिकडच्या दुपारी दोनच्या आत, पुण्यातून पाठवावी लागे. दोन वाजले की दार बंद.

कक्षाचे प्रमुख गोपाळकृष्ण सदाशिव पेठेतले. अभियांत्रिकी शिकलेले, बोलणे मोजके आणि तिरके. नव्या माणसांना ते शिकवत, “पूर्वी तिकडे वायूचे करार वीस-वीस वर्षांचे असत, लग्नासारखे. आता बाजार मोकळा झाला. मार्केट यार्डात कांद्याचा फुटतो तसा रोज भाव फुटतो. कालच्या भावाने आज मागायला गेलात, तर हमालसुद्धा हसेल.” मग भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून म्हणत, “पुणेकर खडकवासला धरणाच्या भरवशावर निजतो, कारण खडकवासल्याच्या मागे पानशेत आहे, वरसगाव आहे, टेमघर आहे. थंडगावाच्या मागे काय आहे? ही एक नळी.”

थंडगावाचे काम उत्कर्षाकडे होते. ती भंडाऱ्याची. तिचे यजमान चाकणच्या कारखान्यात पाळ्यांवर, आणि हिची पाळी माझ्या काट्यांवर. दोघांच्या पाळ्यांत तान्हे मूल बसेना, म्हणून मुलीला, सोनूला, भंडाऱ्याला आपल्या आईकडे, आनंदीबाईंकडे, ठेवावे लागले. सोनू बोलू लागली, ती आजीला ‘आई’ म्हणू लागली. आजी लेकीला ज्या नावाने हाक मारी, त्याच नावाने सोनूही मारी. जेवणाच्या सुट्टीत फोनवर उत्कर्षा उगाच हसताना दिसली, की मी समजून जाई, आजही पलीकडून बोबडे ‘उत्कस्सा’ आले.

तिने दिवाळीनंतर रजा मागितली. सोनूला आणायचे होते, घरात रुळवायचे होते, आणि त्यासाठी काही काळ सकाळची पाळी हवी होती. गोपाळकृष्ण म्हणाले, “हिवाळा जाऊ द्या.” जानेवारीत पूर्वेकडून येणारा वायू दोन देशांच्या भांडणात अडकला. कितीतरी गावांतल्या शेगड्या थंड पडल्या. त्या दिवसांत उत्कर्षा खुर्चीवरून उठली नाही. इकडून तिकडून विचारपूस करून, वायू मिळवून, तिने थंडगाव कसेबसे तगवले. पण त्याबद्दल मिळालेल्या शाबासकीचीच पुढे बेडी झाली. “तुमच्याशिवाय ते काम कोणाला येतं का?” असे विचारले, की तिच्या रजेची गोष्ट तिथेच संपे.

आता माझ्याविषयी एक गोष्ट सांगायला हवी. त्या देशांत मार्चच्या शेवटच्या रविवारी सारी घड्याळे एक तास पुढे करतात, आणि ऑक्टोबरच्या शेवटी पुन्हा मागे घेतात. आमच्याकडे ते काम बद्रीनाथकाकांचे. ते विजेची आणि दुरुस्तीची कामे बघत. आदल्या संध्याकाळी ते स्टुलावर चढत, माझा काटा फिरवत आणि मला कुंकू लावत. मार्चमध्ये पाडवा त्याच सुमारास येतो, म्हणून साखरेची गाठीही तेव्हाच घालत. “परमुलखाची वेळ वाहतंय बिचारं,” असे म्हणत. त्यामुळे कार्यालयात एक समजूत रुजली होती, की घड्याळाला गाठी दिसली म्हणजे काटा फिरला. दुसरे कोणी माझ्या काट्याला हात लावत नसे.

त्या वर्षी पाडवा शुक्रवारी आला. बद्रीनाथकाका गावी घराचे छत घालायला गेले होते आणि गाडी चुकल्याने शनिवारीही परतले नाहीत. स्वागतकक्षातल्या श्यामलाताईंना माझा रिकामा गळा बघवेना. त्यांनी पाडव्याला खुर्चीवर चढून, मोठ्या प्रेमाने मला गाठी घातली. काट्याचे त्यांच्या गावीही नव्हते.

वायूला रविवार नसतो. उत्कर्षा एकटीच कामावर आली. तिने वर पाहिले, गाठी दिसली, आणि ती निश्चिंत झाली. माझ्यात दोन वाजायला तास होता. खरे तर तिकडे दोन वाजतच आले होते. माझ्यातले आणि भावातले अंतर आजपासून बदलायला हवे होते, हे मला कळत होते. पण ज्याला तोंडासमोर काच आहे, त्याने ओरडावे कसे? मी टिकटिक करत राहिलो. प्रत्येक टिकटिक खोटी होती.

तिने भंडाऱ्याला फोन लावला. “आई, तिला दे ना. सोनू, मी बोलतेय गं. ओळखलंस?” पलीकडून काहीतरी आले आणि तिचा चेहरा उतरला. “बरं, आईकडे जा,” एवढेच ती म्हणाली.

फोन ठेवताच दुसरा वाजला. थंडगावच्या वायुकेंद्रावरच्या बाई होत्या. त्या इंग्रजीत काय म्हणाल्या, ते उत्कर्षाने नंतर मराठीत सर्वांना सांगितले. “तुमची मागणी आली नाही. दार बंद झालं.”

“अजून एक तास आहे बाई!”

“काल होता. आज नाही.”

उत्कर्षाने वर माझ्याकडे पाहिले, मग भावाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. तिकडे मार्चमध्येही बर्फ पडत होते.

पलीकडच्या बाई शांतपणे म्हणाल्या, “घाबरू नका. जानेवारीत आम्ही पुरेसे घाबरलो. त्यानंतर गावाने द्रवरूप वायूच्या दोन टाक्या आणून ठेवल्या आहेत. उद्याचा दिवस त्यांच्यावर निघेल. आता एकाच नळीवर आम्ही जीव टांगत नाही.”

सोमवारी गोपाळकृष्ण माझ्याखाली उभे राहिले. “वा! देवाला नैवेद्य पोचला, आरती तेवढी राहिली.” श्यामलाताई पदराशी चाळा करत होत्या. नुकतेच परतलेले बद्रीनाथकाका मान खाली घालून म्हणाले, “साहेब, मी असायला पाहिजे होतो.”

“तुम्ही नसाल तेव्हा काटा कोण फिरवतो?” गोपाळकृष्णांनी विचारले.

तेवढ्यात उत्कर्षा उभी राहिली. नोकरी जाईल, हे गृहीत धरूनच ती आली असावी.

“सर, आणि मी नसेन तेव्हा थंडगाव कोण बघतो?”

“तो विषय वेगळा आहे.”

“नाही सर. तुम्हीच शिकवलंत, खडकवासल्याच्या मागे पानशेत हवं. त्या गावाने तीन महिन्यांत दुसरी वाट केली. आपण अजून एका नळीवर आहोत. ती नळी मी आहे. आणि माझी मुलगी मला नावाने हाक मारते.”

गोपाळकृष्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सदाशिव पेठेतला माणूस चूक कबूल करत नाही, फक्त काम सांगतो. त्यांनी मागच्या बाकावरच्या तरुणाला हाक मारली, “केयूर, खुर्ची इकडे ओढा. आजपासून थंडगाव शिकायचं. श्यामलाबाई, तुम्ही स्टूल आणा. बद्रीनाथ काटा फिरवायला शिकवतील. गाठी तुम्हाला येतेच.”

महिनाभराने उत्कर्षा रजेवर गेली. परतली ती सकाळच्या पाळीवर.

खंडेनवमीला कार्यालयात यंत्रांची पूजा असते आणि घरची माणसेही येतात. त्या दिवशी मला झेंडूचा हार होता. झिपऱ्या केसांची एक चिमुरडी माझ्याखाली येऊन उभी राहिली. वर पाहिले, हात उंच केले आणि उत्कर्षाकडे वळून म्हणाली, “आई, मला उचल.”

उत्कर्षाने तिला उचलले. हारापर्यंत हात पोचेना, म्हणून सोनूने माझ्या काचेवरच बोटे उमटवली. माझ्या इतक्या वर्षांच्या कोंडीत लहान मुलाचा झालेला तो एकच स्पर्श.

पुढे संगणक आपली वेळ आपणच बदलू लागले. बद्रीनाथकाका निवृत्त झाले. भिंतीवर मोठा पडदा आला, त्यावर युरोपातले साठे, जहाजे आणि भाव झळकू लागले. मला उतरवून या खोक्यात ठेवले. कोणी वाईट वागले नाही. फक्त पाठीतला सेल काढायला कोणी एक ठरलेले नव्हते, आणि दुसऱ्यालाही ते सुचले नाही.

म्हणून मित्रांनो, एक विनंती आहे. घरातल्या ज्या वस्तूवर आणि ज्या माणसावर तुमचा सारा भार आहे, त्याच्यासाठी दुसरी वाट करून ठेवा, म्हणजे त्यालाही कधी सुटी मिळेल. नुसते कौतुक करून थांबू नका. मला हार घालणारे पुष्कळ होते. त्या रविवारपर्यंत काटा फिरवणारा एकच होता.