पाठीवरचा हात

धर्मापुरीच्या हायस्कूलमागं एक माळ होता. दगडगोट्यांचा, कुसळांचा, कुणाच्याच नजरेत न भरणारा. खेळ शिकवणाऱ्या संगमेश्वर सरांनी खो-खो खेळायला त्या माळावर पोरी उतरवल्या, तेव्हा सगळं गाव हसलं.

सर रागावले नाहीत. पोरींना म्हणाले, घरून एकेक पाटी माती आणा. कुणी पडक्या भिंतीची पांढरी आणली, कुणी मेंढवाड्यातली, लेंड्यांसकट. ती पसरली, पाणी मारलं, धुमसानं चोपली आणि माळाचं मैदान झालं.

"हे आता तुमच्याच घरांचं अंगण हाय," सर म्हणाले. "अंगणात पडल्यावर कुणी रडतं का?"

रोज खेळ सुटताना ते हाताचा भोंगा करून पुकारायचे, "आता मैदानात येत आहे... धर्मापुरीचा संघ." औरंगाबादला विभागाच्या सामन्यात लाऊडस्पीकर असाच पुकारतो म्हणे. पोरींनी औरंगाबाद पाहिलं नव्हतं. पण तेवढं ऐकलं की दमलेले पाय हलके व्हायचे. गुडघ्यांवरची धूळ झटकून साऱ्याजणी रांगेनं धावत यायच्या, जणू पलीकडं हजारो माणसं बसलीत.

रांगेत पुढं ईश्वरी. सरांची थोरली लेक, बारावीतली, संघाची कॅप्टन. मैदानात ती बापाला 'सर' म्हणायची. एकदा घरी पंगतीला चुकून म्हणाली, "सर, भाकरी वाढू?" तर तिची आई हसून हसून ताटावरून उठली होती.

अडचण बापांची होती. पोरगी वयात आली की कार्तिक लागायची वाट बघणारे बाप. सर प्रत्येकाच्या दारात गेले. योगिताचा बाप सटवा धनगर म्हणाला, "मास्तर, पोरगी मेंढरामागं पळती तेवढं बास हाय की. तुमच्या पळण्यात लोकर तरी निघती का?"

"एवढं वर्ष द्या," सर म्हणाले. "मग लोकर बघा."

शेवटी साऱ्या बापांना त्यांनी महादेवाच्या देवळात नेलं. सरांनी पिंडीवरचं बेलपान घेतलं, सटवानं कमरेच्या पिशवीतला खंडोबाचा भंडारा काढला. विभागाचा सामना होईस्तोवर कुणी पोरीची सुपारी फोडायची नाही. बेलभंडार उचलायला पहिला हात सरांचा होता.

"मास्तरानं उचलला," सटवा म्हणाला, "मग आपलं काय राह्यलं?" आणि मागोमाग सगळ्यांनी उचलला.

पोरींनी जिल्हा जिंकला. औरंगाबादची तारीख आली. त्याच आठवड्यात सरांचे थोरले भाऊ, गुंडप्पाअण्णा, घाटनांदूरचं किराणा दुकान बंद ठेवून आले. अण्णांनी दुकान बंद ठेवलं म्हणजे काम मोठंच असणार.

"ईश्वरीला जागा आलीय. पोरगा पुण्याला मोटारसायकलच्या कंपनीत हाय. त्याला सुट्टी थोडीच हाय, तवा ह्याच महिन्यात उरकायचं. मी शब्द देऊन आलो."

"महिनाभर थांबतील का ते, अण्णा?"

"कावून? खेळासाठी?" अण्णा हसले नाहीत, चिडलेही नाहीत. "बाप गेला तवा तू दुसरीत होतास. मी दुकानात बसलो म्हणून तू शाळेत बसलास. आजवर काही मागितलं का तुला?"

खरंच मागितलं नव्हतं. दारोदार बापांना समजावत फिरलेल्या सरांना 'मीही शब्द दिलाय' एवढंच म्हणायचं होतं. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथंच बसलं.

ईश्वरी दाराआड होती. सरांनी विचारलं तेव्हा पायाच्या अंगठ्यानं भुई उकरत म्हणाली, "तुमी म्हणाल तसं, अप्पा."

'सर' म्हणाली असती, तर कदाचित त्यांना बोलता आलं असतं.

हळदीला जात्यावर बसलेल्या साखराबाईनं गळा काढला. तिचीही लेक संघात होती.

लेक चालली सासरी, माळ बांधाशी गं राही
तिच्या पावलांची धूळ आता उठायाची न्हाई

लग्नाला संघातल्या साऱ्याजणी आल्या. करवल्या होऊन नवरीमागं उभ्या राहिल्या. कुणी थट्टा केली नाही, कुणी नवऱ्याचे बूट लपवले नाहीत. जंगमस्वामी मंत्र म्हणत होते, बाहेर बँड वाजत होता. ईश्वरी पाटावर बसली होती, पण मांडी घालून नव्हे. शालूच्या आत ती चवड्यांवर बसली होती, मैदानात बसायची तशी.

योगिता वाकली. तिनं ईश्वरीच्या पाठीवर तळवा टेकवला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "खो."

बँडच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. सरांनी नुसते ओठ बघितले.

ईश्वरीचा गुडघा उचलला गेला. मुंडावळ्या हलल्या. अर्धी उठली पोर. मावशीनं खांदा दाबला, "बस गं बाई, अक्षता व्हायच्यात अजून."

ती बसली. या खेपेला मांडी घालून.

अक्षता पडल्या. सरांच्या मुठीतल्या मुठीतच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते मैदानावर गेले. कुणी नव्हतं. बांधावर सटवाची मेंढरं चरत होती, आणि काठी टेकून सटवा उभा होता. शेजारी योगिता.

"कुणी येत न्हाई आता," सटवा म्हणाला. "साखराबाईच्या पोरीची तर कालच्या मांडवातच बोलणी झाली. बाकीचे म्हणायलेत, मास्तरानंच मोडलं, मग आमाला कोण विचारतंय?"

"आणि तुमी?"

"मी भंडारा उचललाय. योगिताला आणलंय." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "एकटीला नेत न्हाईत का तिथं?"

संघाला नऊ जणी लागतात, हे सरांना सांगवेना.

योगिता मैदानात गेली. दोन खांबांमधल्या पट्टीत, आपल्या चौकोनात, चवड्यांवर बसली. सरांकडं पाठ करून, हात जमिनीला टेकून, मान ताठ. मागं बघण्यात वेळ घालवायचा नाही, खो देणारा येतोच, असं तिला शिकवलेलं होतं.

सर तिच्या मागं जाऊन उभे राहिले. हात उचलला. समोर पळणारं कुणी नव्हतं. खांबापासून खांबापर्यंत नुसती माती होती, साऱ्या घरांची.

हात तसाच राहिला. दिवस मावळला, मेंढरं बांधाकडून घराकडं वळली. योगितानं मागं वळून पाहिलं नाही.