चावी तिच्या हातात

गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली कानसेन म्हणायची. गाडी चालू होत नसली की तो बायकोला चावीपाशी बसवायचा आणि बॉनेटखाली डोकं घालून म्हणायचा, "मार सेल." भराभर टकटक आली की बॅटरीत दम नाही, एकच ठोका आला की स्टार्टर अडकलाय, काहीच आलं नाही की वायर तुटलीय. मीटर म्हणजे बहिऱ्यांची काठी, असं तो ऐटीत सांगायचा.

त्या सकाळी टॅक्सीवाल्यानं गाडी ढकलत आणली. बायकोनं चावी फिरवली. कानसेननं कान टवकारले. कुठे काही नाही.

"वायर गेलीय," म्हणत त्यानं डॅशबोर्ड खोलायला घेतला.

"अरे, टकटक येतेय की," टॅक्सीवाला म्हणाला.

"तुझ्या डोक्यात येत असेल."

बायकोनं हेडलाइट लावले आणि पुन्हा सेल मारला. समोरच्या भिंतीवरचा उजेड पार मलूल झाला.

वायर तुटली असती तर दिवे जसेच्या तसे राहिले असते. स्टार्टर करंट मागत होता आणि त्याला तो पुरत नव्हता. एवढं कानसेनला कुणी शिकवायला नको होतं. त्यानं मुकाट्यानं बॅटरीचं टर्मिनल सोडवलं. आत पांढरा थर साचला होता. तो घासून टर्मिनल आवळल्यावर गाडी एका झटक्यात चालू झाली. ते त्याला कळलं बॉनेटवर टेकलेल्या तळहातामुळे.

टॅक्सीवाला गेल्यावर तो स्टुलावर बसला.

"दिवे लावायला मी सांगितलं नव्हतं."

बायको त्याच्या कानाशी वाकली. "गेला हिवाळाभर लावतेय. तुम्ही भिंतीकडे बघता आणि ऐकलं म्हणता. आज घाईत विसरले."

म्हणजे गल्ली ज्या कानांचं कौतुक करत होती, ते कधीचेच गेले होते आणि घरात ही एकटीच ते जाणून होती. त्याला आधी तिचाच राग आला.

"मग मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं हो," ती म्हणाली. "दोनदा सांगितलं."

तो हसायला गेला आणि त्याला रडू फुटलं.