उलटी प्रदक्षिणा

आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत गुळगुळीत काँक्रीटची एकच जागा आहे आणि तिच्या बरोबर मधोमध गणपतीचं देऊळ आहे. देवाबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती आमचे चेअरमन आप्पासाहेब यांच्याबद्दल, आणि ती मी मरेपर्यंत करणार आहे.

आम्ही बायका रोलर डर्बी खेळतो. पायात चाकांचे बूट, डोक्याला हेल्मेट. लंबगोल ट्रॅकवर दोन संघ एकाच दिशेने पळतात. प्रत्येक संघाची एक जॅमर असते. समोरच्या संघातल्या बायकांना मागे टाकून ती पुढे घुसली की गुण मिळतात, आणि त्या बायका खांद्याला खांदा लावून, भिंत करून तिला अडवतात. ढकलाढकली चालते, नखरे चालत नाहीत. मी शाळेत भूगोल शिकवते. आमची जॅमर अपेक्षा मूळची यवतमाळची, भोसरीच्या कारखान्यात काम करते. सगळा हौसेचा मामला. त्या हौसेवर आमचा संघ बँकॉकच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेला निघाला होता.

सरावाच्या पहिल्याच रविवारी आप्पासाहेब तरातरा खाली आले.

"थांबा! देव डाव्या हाताला ठेवून फिरताय? उलटी प्रदक्षिणा मयताला घालतात."

"अहो, ही प्रदक्षिणा नाही, सराव आहे," मी म्हणाले. "हा खेळ जगभर डावीकडेच वळत खेळतात."

"जगाचं जग बघेल. आपण पुण्यात राहतो. देव उजव्या हाताला ठेवून फिरा, नाहीतर फिरू नका."

कमिटीने लगेच तसा ठराव केला. देवळातल्या गुरुजींना विचारलं, तर ते म्हणाले, "देवाची हरकत नाही हो, चेअरमनची आहे." दुसरी जागा शोधून शोधून दमलो. शाळेचं मैदान मातीचं, हॉल लग्नांना दिलेले. शेवटी नाही त्यापेक्षा बरं, असं म्हणून आम्ही मान तुकवली आणि महिनोन्महिने उजवीकडे वळत राहिलो. उजव्या वळणावर डावा पाय उजव्यावरून टाकावा लागतो. खेळात लागतं ते नेमकं उलट. पायांना ठराव कळत नाही, सवय कळते.

बँकॉकला पहिल्याच सामन्यात अपेक्षा समोरची भिंत फोडून बाहेर पडली. पुढे मोकळा ट्रॅक! आम्ही बेंबीच्या देठापासून ओरडत होतो. वळण आलं, डावीकडचं, आणि तिचा नको तो पाय आधी उचलला गेला. ती मनगटावर आदळली आणि हाड मोडलं. जॅमरशिवाय उरलेले सगळे सामने आम्ही हरलो. बाकावर बसून ती म्हणाली, "ताई, मी पडली नाही, मले पाडलं. अन् पाडणारा इथं आलाच नाही." माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आणि परत आल्यावर सोसायटीने काय करावं? सत्कार! फ्लेक्सवर आमच्यापेक्षा आप्पासाहेबांचा फोटो मोठा. फोटो चांगले यावेत म्हणून आम्हाला स्केट्स घालून बोलावलेलं. आप्पासाहेब भाषणात म्हणाले, "हरलात तरी संस्कार सोडले नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा स्पर्धा आहे, सराव असाच चालू ठेवा." असाच! प्लॅस्टरमधला हात मांडीवर घेऊन बसलेल्या मुलीसमोर! लाज कशी वाटली नाही?

कार्यक्रम संपला. प्रमुख पाहुण्यांचे गुडघे दुखत होते, म्हणून आप्पासाहेबांनी त्यांना फाटकापाशी आपल्या गाडीत बसवलं आणि घरी चहाला घेऊन निघाले. त्यांचा जिना फाटकातून शिरल्यावर उजवीकडे. देवळाला नीट वळसा घालायचा तर लांब पडतं. देव डाव्या हाताला ठेवून गाडी सरळ उजवीकडे वळली. रोजच वळत असणार, पण आमच्या नजरेस ते पडलं त्या दिवशी.

"भिंत!" मी ओरडले.

पुढच्या क्षणी आम्ही सगळ्या खांद्याला खांदा लावून गाडीपुढे उभ्या. आप्पासाहेबांनी करकचून ब्रेक लावला, मग हॉर्न, मग काचेतून मुंडकं बाहेर.

"काय पोरकटपणा आहे हा? बाजूला व्हा!"

"उलटी प्रदक्षिणा होतेय, आप्पासाहेब," मी म्हणाले. "गाडी मागे घ्या."

"अहो, चाकांवरच्या गाडीला कसली आलीय प्रदक्षिणा!"

अपेक्षाने प्लॅस्टरचा हात बॉनेटवर ठेवला.

"मंग काका, आमच्या पायाले काय होतं?"