तळहातावरचा थेंब

“अण्णा, तुमीच सांगा की. तुमच्या नाकाम्होरं माझं काय चालतंय?” असं म्हणून बंदेनवाजनं बाटली सिद्धप्पासमोर ठेवली.

सकाळचे अकरा वाजले होते. सात रस्त्याजवळच्या परमिट रूमचं शटर अर्धंच वर होतं आणि मालक पृथ्वीराज काउंटरला टेकून उभे होते. बाटली स्कॉच सिंगल माल्टची, शेरी नावाच्या वाइनच्या पिपात पंचवीस वर्षं मुरलेली. सोलापुरात अशी बाटली मागणारं गिऱ्हाईक वर्षातून एखादं. आदल्या दुपारी अकलूजचे एक बागायतदार तिचा एक घोट घेऊन ग्लास सरकवून निघून गेले. रंग केवढा काळपट, चव गोड, हिच्यात काकवी घातली आहे, असं त्यांचं म्हणणं. उसाच्या गावचा माणूस, गोड म्हटलं की त्याला काकवीच आठवणार. पण मालकांना ते पटलं. बाटली आधीच उघडलेली होती आणि कपाटाची किल्ली बारमन बंदेनवाजकडे असायची, म्हणजे खरी दारू चोरून त्यानंच काकवी भरली असा संशय.

निवाडा सिद्धप्पाचा. तीस वर्षं हाच रिवाज होता. थेंब तळहातावर घ्यायचा, हात चोळायचे, स्पिरिट उडू द्यायचं आणि मागे उरेल तो वास घ्यायचा. या एका नाकावर वेटर सिद्धप्पाला गावात मान होता. बंदेनवाजलाही त्यानंच शिकवलं होतं, की शेरीच्या पिपातली असेल तर मनुकांचा वास येतो, आणि जुन्या लाकडाचा.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ते नाक गेलं ते परत आलंच नाही, हे मात्र त्यानं कुणाला कळू दिलं नव्हतं. गुडघे आधीच गेले होते. अठ्ठावन्न वर्षांच्या बिननाकाच्या वेटरला कोण ठेवणार? चार वर्षं तो सील, रंग आणि माणसांचे चेहरे बघून अंदाज ठोकत होता. नशिबानं ते खरे ठरत होते.

आज त्यानं हात चोळले, नाकाशी नेले. काहीच नाही. त्यानं घोट घेतला. जिभेला जाळ लागला, मागून जरा गोड लागलं, बस. गोड तर काकवीही असते. बंदेनवाज निर्धास्त उभा होता आणि तेच सिद्धप्पाला बघवेना. मालकांचा चेहरा मात्र आधीच ठरलेला होता. सिद्धप्पानं त्या चेहऱ्याकडे बघितलं आणि सांगितलं, “भेसळ हाय.”

बंदेनवाज भांडला नाही. “तुमी म्हनताय तर असंल, अण्णा. पर म्या न्हाय केलं,” एवढंच म्हणाला. मालकांनी त्याच्याकडून किल्ली घेऊन सिद्धप्पाला दिली. बंदेनवाज आपला जेवणाचा डबा उचलून शटरखालून वाकून बाहेर पडला.

दुपारी सिद्धप्पानं त्याच बाटलीचा थेंब पुन्हा तळहातावर चोळला आणि तो जेवायला घरी निघाला. दहा मिनिटांचा रस्ता तो उजवी मूठ मिटून चालला. शरणम्मा भाकरी थापत होती. दारूचा वास तिला जन्मात सहन झाला नव्हता. नवरा रोज हात धुऊनच आत यायचा. आज तो तसाच आत आला आणि तिच्यापुढं तळहात धरला.

“जरा बघ. कसला वास येतोय?”

ती चिडेल असं त्याला वाटलं होतं. तिनं पिठाचे हात पुसले आणि त्याचा हात नाकाशी नेला.

“तुमाला येत न्हाय, म्हाईत हाय मला,” ती म्हणाली. “आंबलेली आमटी गुमान खाताय की चार वर्षं.” तिनं डोळे मिटून पुन्हा वास घेतला. “मनुका. तुपात फुगलेल्या. आन् आईच्या जुन्या लाकडी पेटीगत कायतरी. दारूचा वाटत न्हाय.”

सिद्धप्पा तिथंच फरशीवर बसला. ज्याला स्वतः शिकवलं त्याच्यावरच त्यानं चोरीचा आळ घेतला होता. त्याला इतकी लाज वाटली की रडूही येईना. शरणम्मानं ताट वाढलं. तो ताटावर बसला नाही, चपला घालून बाहेर पडला.

मालक काउंटरवर पेपर चाळत बसले होते.

“बाटली खरी हाय, मालक. बंदेनवाजला बोलवा.”

“सकाळी तर भेसळ म्हणालात.”

“मला वास येत न्हाय. चार वर्षं झाली.”

मालकांनी पेपर मिटला. मग त्यांनी फोन उचलला आणि बंदेनवाजचा नंबर लावला. सिद्धप्पानं किल्ली काउंटरवर ठेवली. खांद्यावरचा नॅपकिन काढून नीट घडी घातली आणि किल्लीशेजारी ठेवला. उजवा हात त्यानं अजून धुतला नव्हता.