बोंबील आले की नेट जातं

माझी मुलाखत दोनदा बुडाली ती मोडेममुळे, असं आमच्या घरात सगळ्यांचं मत होतं. सगळ्यांचं म्हणजे माझ्या नवऱ्याचं आणि केबलवाल्या कमलाकांतचं. मला ते पटत नव्हतं. तारापूरच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये मी काही वर्षं काढली आहेत. नमुना फेल गेला की लगेच यंत्राला शिव्या द्यायच्या नसतात, एवढं मला कळतं.

स्वरा झाली तेव्हा ती नोकरी सुटली. आता पोरगी शाळेत जायला लागली आणि बोईसरच्या दुसऱ्या कंपनीत लॅबची जागा निघाली. साहेब पुण्यात बसतात, म्हणून मुलाखत व्हिडिओवर. पहिल्या खेपेला मी नाव सांगेपर्यंत चित्र गोठलं. दुसऱ्या खेपेला तेवढंही झालं नाही. मग पुण्याहून स्पष्टच निरोप आला की गुरुवारी अकराला शेवटची संधी, नंतर दुसऱ्या कुणाला तरी घेऊ. फोनवरून करावं तर नवापूरच्या या घरात रेंजची एकच काडी, तीही दारात उभं राहिलं तर.

मी कंबर कसली. मोडेम बंद करून चालू केला. वायफायचा राउटर बाजूला काढला आणि लॅपटॉप थेट मोडेमला वायरने जोडला. तरी नेट जायचं ते जाईच, म्हणजे राउटर निर्दोष. मग ती वायर बदलली. फरक शून्य. मोडेमवरचा जो दिवा स्थिर राहायला हवा तो लुकलुकत राही, म्हणजे बाहेरून येणाऱ्या केबलमधूनच सिग्नल धड येत नव्हता. कमलाकांतला बोलवावं, तर तो दोन-तीन दिवसांनी उगवे आणि तोवर दिवा शहाण्या मुलासारखा स्थिर. "वहिनी, चालू तर हाय," म्हणे, चहा पिई आणि जाई. मला तर त्या दिव्याचा राग यायला लागला होता.

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास आमची घरमालकीण मंजुळाकाकी वाटी घेऊन आली. त्यांची होडी पहाटेच किनाऱ्याला लागली होती, वाटीत ताज्या बोंबलांचं कालवण होतं. मी बार्शीची, पण काकीच्या कालवणापुढे माहेर विसरते. वाटी ठेवायला वळले तर दिवा लुकलुकत होता. मी तशीच उभी राहिले. मागच्या मुलाखतीलाही ओट्यावर अशीच वाटी होती. त्याच्या आधीच्याही.

"बोंबील आले की नेट जातं," मी म्हटलं.

इंद्रजीत, म्हणजे माझा नवरा, नुकताच रात्रपाळी करून आला होता. "कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली असेल," तो जांभई देत म्हणाला.

"तीनदा बसला ना, मग कावळ्याकडे बघायला हवं," मी म्हटलं आणि मागच्या अंगणात पळाले.

काखेत कळसा म्हणतात तो असा. खांबावरून आमच्या छपराखाली येणाऱ्या काळ्या केबलवर, जोडीजोडीने तोंडात तोंड अडकवलेले ओले बोंबील लटकत होते. केबल ओझ्याने खाली आली होती आणि भिंतीपाशी तिचं टोक जोडातून निम्मं बाहेर.

"काकी, ही दोरी नाही, माझं नेट आहे."

"ती? ती तर रिकामीच असते गो," काकी म्हणाली. "आमची दोरी भरली का उरलेले तिच्यावर घालतो. ओले असतात तवर जड, मंग सुकले का हलके. तिनं कदी तक्रार नाय केली."

म्हणजे बोंबील सुकले की केबल वर, नेट चालू आणि कमलाकांत हजर! मला हसू की रडू कळेना. आम्ही दोघींनी भराभर बोंबील टोपलीत काढले. इंद्रजीतने स्टुलावर चढून जोड पिळला. पण दर खेपेला ओढ खाऊन खाऊन या वेळी त्याचे आटे पारच गेले होते, केबल सोडली की टोक पुन्हा निसटे. आणि अकराला पाच मिनिटं कमी.

काकीने दोरीला टेकू द्यायचा, टोकाला बेचकं असलेला दुबेळक्याचा बांबू उचलला आणि केबलखाली लावला. बांबू वाऱ्याने सरके, म्हणून स्वतः धरून उभी राहिली. "जा तू. मी हाय," ती म्हणाली.

दिवा स्थिर झाला. साहेब स्वच्छ दिसले. हाताला बोंबलाचा वास येत होता, पण तो पुण्याला पोचत नाही. त्यांनी विचारलं, एकाच मालाचा निकाल कधी पास, कधी फेल येत असेल तर काय कराल?

"फेल येतो त्या दिवशी आणखी काय काय होतं, ते आधी बघेन," मी म्हटलं. खिडकीतून काकी दिसत होती, दोन्ही हातांनी बांबू धरलेली. इंद्रजीत टोपलीपाशी मांजरं हाकत होता. पुढची सगळी उत्तरं माझ्या तोंडून आपोआप आली. शेवटी साहेब म्हणाले, "एक तारखेला रुजू व्हा."

मी अंगणात धावले. इतका आनंद मला स्वराच्या जन्मानंतर झाला नव्हता.

"लागली, काकी. नोकरी लागली."

काकीने कुंपणापलीकडच्या बाईला ऐकू जाईल असं सांगितलं, "आमच्या नंदिनीला लागली." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आता सोडू का गो हा बांबू? हात भरून आले."

"सोडा," मी म्हटलं.

तिने सोडला. आत दिवा लुकलुकायला लागला. लुकलुकू दे मेला.